राणीटेकडीची हाक

झरी,
२२ नोव्हेंबर १९९८

मित्रवर्य मंद्या,

रामराम. सोबतचं पार्सल उघडताना पायावर पाडून घेऊ नकोस, आत दगड आहे. तुमच्या सरकारी खात्यात दगड पाहायचाच पगार मिळतो ना, तर हा एक माझ्यासाठी फुकट पाहा.

फुलसावंगीचं काय सांगू? यंदाही कपाशीची बोंडं वरून हिरवीगार आणि आतून अळीने पोखरलेली. असल्या साली विहीर कोण खोदतो? माझी क्रेन गोठ्यामागे गंजत पडली आहे. त्यात गेल्या उन्हाळ्यात मी खोदलेल्या सगळ्या विहिरी कोरड्या लागल्या. लोक आता मला ‘कोरडा वामन’ म्हणतात. बाबा तोंडावर काही बोलत नाहीत, पण मी ओसरीवर आलो की उठून आत जातात. हे मला फार लागतं.

म्हणून इकडे झरीच्या जंगलात आलो. मारोती नावाच्या कोलामाने त्यांच्या पोडाजवळ, म्हणजे वस्तीजवळ, पाणी पाहायला बोलावलं होतं. तू हसशील, पण तळहातावरचा नारळ राणीटेकडीच्या पायथ्याशी असा काही उभा राहिला की माझाच हात कापला. मी आणि माझा मजूर खेमसिंग, दोघांनी खोदायला घेतलं. पाणी लागलं नाही. घडीव दगडाच्या पायऱ्या लागल्या, आणि त्या खाली नाही, टेकडीच्या पोटात जातात. पुढे दरड कोसळून वाट बंद आहे. हा दगड त्या दरडीतला.

मंद्या, ही राणीची खाण आहे. होस्टेलात दिवे गेले की वॉर्डन सांगायचा तीच. शत्रूची फौज पैनगंगा ओलांडून आली तेव्हा चांदी त्यांच्या हाती लागू नये म्हणून राणीने भर दुपारी खाणीचं तोंड बुजवलं. मजूर अजून जेवायला वर यायचे होते. त्यांना हाक मारायलाही तिने कोणाला पाठवलं नाही. आपण पांघरुणात तोंड खुपसून ऐकायचो, आठवतं?

कोणाला बोलू नकोस. पत्र झरीच्या पोस्टमास्तरांच्या नावे टाक, मी बाजाराच्या दिवशी घेऊन जातो.

तुझा,
वामन


यवतमाळ,
३ डिसेंबर १९९८

वामन्या,

तुझा दगड पोचला. खरं सांगतो, आधी वाटलं, हा गडी माझी थट्टा करतोय. तरी लोहाऱ्याला ओळखीच्या एका प्रयोगशाळेत तपासायला दिला. दगड शिशाचा आहे, आणि त्यात चांदी आहे. खाणीवर माणसं लावावीत इतकी आहे.

नारळाचं श्रेय नारळाला देऊ नकोस. तुझा हात कापला तो पोटात सकाळपासून काही नव्हतं म्हणून. पण दगड खोटं बोलत नाही. ऑफिसात मी चकार शब्द काढलेला नाही. तूही काढू नकोस. जंगलखात्याची जमीन आहे, बोभाटा झाला तर तुला हाकलतील आणि पाटी दुसऱ्याच्या नावाची लागेल.

सगळी वाट दरडीने बंद आहे का? दरडीतून हवा खेळते का? काडी धरून पाहा, ज्योत आत ओढली जाते का. असेल तर मागे पोकळी आहे. इकडे ऑफिसची वार्षिक तपासणी चालू आहे, ती संपली की रजा टाकून येतो. तोवर वाट मोकळी करायला लाग. बाबांना पेढे घेऊनच भेट.

मंदार


झरी,
१५ डिसेंबर १९९८

प्रिय मंद्या,

ज्योत आत ओढली जाते. मागे पोकळी आहे. पण लिहायचं कारण वेगळं आहे.

आमच्या धंद्याची एक रीत तुला सांगतो. सुरुंगाची वात पेटवण्याआधी वरचा माणूस विहिरीत तोंड घालून तीनदा हाक मारतो, ‘आत कोणी हाय का?’ विहीर रिकामी डोळ्यांना दिसत असली तरी मारतो. कोणी ‘हाय’ म्हणालं तर वात पेटत नाही. तिसऱ्या हाकेनंतरही आत गप्प असेल तरच काडी लावायची. मी हे काम बाबांकडून शिकलो आणि त्यांनी मला आधी हाक शिकवली, मग सुरुंग.

शुक्रवारी दुपारी दरडीत भोकं पाडून कांड्या भरल्या. मी, खेमसिंग आणि मारोती तिघेही बाहेर होतो. खेमसिंगने काडेपेटी काढली. मी पायरीवर वाकून हाक मारली. पहिल्या दोन हाकांना काही नाही. तिसरीला आतून उत्तर आलं.

“हाय.”

मोठ्याने नाही. दमलेला माणूस जसा बोलतो तसं. मी खेमसिंगकडे पाहिलं तर त्याचा चेहरा पांढरा पडलेला.

“मालक, हाय नाही मनलं त्यानं,” तो म्हणाला. “छू मनलं. आमच्या तांड्याच्या बोलीत. मी आहे, असं मनलं.”

“तुले असंच वाटून राह्यलं,” मी म्हटलं.

“मले काही वाटत नाही. मी चाललो. तुमीबी चला.”

तो खरंच गेला. माझ्याबरोबर इतक्या विहिरी उतरलेला माणूस, मागे वळूनही पाहिलं नाही. मारोतीला विचारलं तर तो म्हणे, मी कानावर हात ठेवले होते. टेकडीजवळ हाक मारायची नसते, हे त्यांच्या पोडावर लहान लेकरालाही ठाऊक आहे, मला कोणी सांगितलं नव्हतं इतकंच.

मी कांड्या काढून घेतल्या. उत्तर आल्यावर वात लावता येत नाही. आता काय करू, सांग.

वामन


यवतमाळ,
२४ डिसेंबर १९९८

वामन्या,

तुझं पत्र वाचून ऑफिसात एकटाच हसलो. अरे शहाण्या, तो प्रतिध्वनी! पोकळी मोठी असली की आवाज उशिरा आणि तुटका परत येतो. ‘हाय का’ मधलं ‘हाय’ तेवढं परत आलं. आणि खेमसिंग घाबरला होता. घाबरलेला माणूस आईच्या बोलीतच ऐकतो. उलट आनंद मान, पोकळी आपल्याला वाटली त्याहून मोठी आहे.

उपाय सोपा आहे. एकदा हाक न मारता वात लाव. विहिरीत मजूर उतरतात तेव्हा रीत ठीक, इथे टेकडीत कोण बसलंय? दोन-चार शतकांपूर्वीची माणसं? इतक्या जवळ येऊन वॉर्डनच्या गोष्टीला भिऊ नकोस. मी संक्रांतीनंतर येतो.

मंदार


झरी,
४ जानेवारी १९९९

मंदार,

हे तू लिहूच कसं शकलास? हाक न मारता वात लावणाऱ्याच्या हातचं आमच्यात कोणी पाणी पीत नाही. राणीने तेच केलं होतं.

तुझ्या प्रतिध्वनीची परीक्षा घेतली. ‘यवतमाळ’ म्हणून ओरडलो, काही नाही. ‘वामन’ म्हणून ओरडलो, काही नाही. मग म्हटलं, आत कोणी हाय का? “हाय.” प्रतिध्वनी निवडून बोलतो का रे?

मग विचारलं, “किती जण हाय?”

शाळेत हजेरी घेतात तसं एकेक जण ‘हाय’ म्हणत गेला. आधी दरडीजवळचा, मग त्याच्या मागचा, मग त्याच्याही मागचा. म्हातारे होते, पोरं होती, एकदोन बाया होत्या. मी ऐकत बसलो. शेवटी आवाज इतक्या लांबून यायला लागला की टेकडी तेवढी मोठी नाही. मी या टेकडीला फेरी मारली आहे, मला माहीत आहे. तरी हजेरी चालूच होती. मीच उठून आलो.

काल विचारलं, “इतके दिवस गप्प काहून होते?”

जवळचा म्हणाला, “कोणं हाक मारली आमाले?”

मंद्या, मला रडू आलं. दुपारच्या उन्हात पायरीवर बसून मी लेकरासारखा रडलो. चांदीचं तू बघ, मला नको. मी आता हाताने दरड काढतोय. सब्बल आणि घमेलं, दुसरं काही नाही. मारोती जेवण आणून लांब ठेवतो आणि जातो. मी या हाताने एवढ्या विहिरी खोदल्या, एकीतून घोटभर पाणी निघालं नाही. इथून माणसं निघतील.

वामन


फुलसावंगी,
१७ जानेवारी १९९९

मंदार भाऊजी यांस, दिपालीचा नमस्कार.

तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, पण आता राहवत नाही. हे संक्रांतीला एका दिवसासाठी घरी आले होते. खूप वाळले आहेत. ताटावर बसले आणि अर्धी भाकर बाजूला काढून फडक्यात बांधली. कोणासाठी विचारलं तर म्हणाले, “त्यायनं लई दिवसाचं खाल्लं नाही.” घरातल्या घागरी, दोर आणि बाबांची जुनी धोतरं घेऊन गेले. सासूबाईंनी विचारलं, “काहून रे, इतके धोतरं कायले?” तर म्हणतात, “माणसं उघडी हायत, माय.”

भाऊजी, मी अडाणी नाही. झरीकडे विहीर खचून मजूर आत गाडले गेले आहेत आणि हे एकटेच त्यांना काढायला बघत आहेत, असं मला वाटतं. पोलिसांना भीत असतील. खेमसिंग बाजारात दिसला, तर मला पाहून त्याने वाट बदलली. आत खरंच माणसं असतील तर मी स्वतः ठाण्यात जाईन, पुढे जे व्हायचं ते होवो. ह्यांच्यावर पाप नको.

बोलता बोलता हे मध्येच थांबतात आणि ऐकतात. घरात कोणी बोललेलं नसतं. मग हळूच ‘हो, येतो’ म्हणतात. मला भीती वाटते. ते तुमचं ऐकतात. त्यांना घेऊन या.

दिपाली


यवतमाळ,
२१ जानेवारी १९९९

दिपाली वहिनींना स. न.

पोलिसांकडे मुळीच जाऊ नका. कोणी मजूर अडकलेला नाही, याची मला खात्री आहे. वामन एका जुन्या बंद खाणीच्या मागे लागला आहे. एकटं राहून, पोटाला न खाऊन त्याला भास होत आहेत. जंगलात असं होतं. येत्या बुधवारी मी जातो आणि त्याला घरी आणून सोडतो. काळजी करू नये. बाबांना हे काही सांगू नये.

आपला,
मंदार


झरी,
२३ जानेवारी १९९९

प्रिय मंद्या,

दरड निघाली. माणूस सरकेल एवढी वाट झाली. पुढे सरळ बोगदा आहे आणि त्याच्या टोकाला एकच अखंड शिळा, भिंतीसारखी बसवलेली. ती सब्बलीला दाद देत नाही. सगळे तिच्या मागे आहेत. शिळेवर हात ठेवला की पलीकडून कोणी हात ठेवल्यासारखी ऊब लागते.

सुरुंग लावावाच लागेल. त्यांना समजावून सांगितलं, मागे सरका, आणि सरकलात की गप्प राहा. ओ देऊ नका, म्हणजे मला कळेल. त्यांना रीत ठाऊक आहे, मला नव्याने शिकवावी लागली नाही.

कांड्या घेऊन मी आतच थांबणार, म्हणजे वाट फुटली की त्यांना लगेच बाहेर काढता येईल. वात पुरेशी लांब ठेवली आहे, एका कोनाड्यात आडोसा आहे. आधी आत तीन हाका देईन, मग बाहेरच्या तोंडाशी येऊन तीन. धमाक्याने टेकडीचे दगड सुटले तर बाहेरचा माणूस मरायचा, म्हणून. बाहेर कोणी ‘हाय’ म्हणालं तर मी वात लावणार नाही. बाहेर येईन.

तुला मी बोलावलेलं नाही. पण आतले म्हणतात, तो येईल.

वामन


यवतमाळ,
६ फेब्रुवारी १९९९

दिपाली वहिनी,

तुम्हाला तार मिळाली असेलच. मी समोर येऊन सांगायला हवं होतं, पण अंगात ताप आहे.

त्या बुधवारी मी टेकडीवर पोचलो तोवर दुपार टळून गेली होती. सगळं संपलेलं होतं. टेकडीचा तो भाग खाली बसला होता, पायऱ्यांचा मागमूस उरला नव्हता. तहसीलची आणि ठाण्याची माणसं आली, त्यांनी बरेच दिवस उपसलं, पण आत खडक इतका खचला आहे की हाती काही लागलं नाही. खाण वगैरे काही नाही, नैसर्गिक कपार होती, असा अहवाल झाला आहे. वामनला काही कळायच्या आत सगळं झालं असणार. त्याला त्रास झाला नाही, एवढं मनाशी धरा.

थोडं लवकर पोचलो असतो तर, हे मला जन्मभर वाटत राहील.

मंदार


फुलसावंगी,
२० फेब्रुवारी १९९९

मंदार भाऊजी यांस,

काल मारोती आमच्या घरी आला होता. इतक्या लांब, बस बदलत बदलत. बाबांच्या पायाशी बसून रडला. मी त्याला वेशीपर्यंत सोडायला गेले, तिथे तुमचं नाव निघालं तेव्हा म्हणाला, “सायेब तं सकाळच्याच गाडीनं आलते. मी त्यायच्यासाठी पानी आनाले पोडावर गेलो, तवा ते तोंडाशीच बसून होते. मांगून धमाका आयकला.”

घरात मी हे कोणाला सांगितलं नाही. मला तुमच्यावर रागवायचं नाही, भाऊजी. रागवायला अंगात बळही नाही.

पण गावात काय चाललंय ते सांगते. यंदा आमच्या आणि आजूबाजूच्या गावांत किती जणांनी जीव दिला, तुम्ही पेपरात वाचताच. लोक ह्यांनाही त्यांच्यातच धरतात. कोरड्या विहिरींचं मनावर घेतलं, कपाशी गेली, म्हणून स्वतःच वात लावून घेतली, असं म्हणतात. सांत्वनाला येणारी बाई आधी हाच प्रश्न डोळ्यांनी विचारते. बाबा दिवसभर ओसरीवर बसतात आणि एकच म्हणतात, “माह्या पोरानं हाक मारली असंल. हाक मारल्याबिगर तो वात लावणारच नाही.” कोणी काही बोललं नाही तरी म्हणत राहतात.

तुम्ही तिथे होतात. मला एवढंच सांगा, त्यांनी हाक मारली होती का? मारली असेल तर ते मरायला गेले नव्हते, कामाला गेले होते. तेवढं कळलं तर मी बाबांना सांगेन, आणि मग मला काही विचारायचं नाही.

दिपाली


यवतमाळ,
२६ फेब्रुवारी १९९९

वहिनी,

मारोती खरं बोलला. मी सकाळीच पोचलो होतो.

वामन आत गेलेला होता. मी तोंडाशी एका सागाच्या बुंध्याला टेकून बसलो. ऊन चांगलं होतं, पाखरं ओरडत होती, भीती वाटावी असं काही नव्हतं. त्याला हाक मारावी असं ठरवलं होतं, पण तोंडातून आवाज निघेना. मनात सारखं येत होतं की मी हाक मारली आणि दुसऱ्याच कोणी उत्तर दिलं तर? म्हणून तो आपसूक बाहेर येईल म्हणून बसून राहिलो.

मग पाखरं गप्प झाली. आतून लांबवर वामनचा आवाज आला, “आत कोणी हाय का?” एकदा, दोनदा, तीनदा. कोणी उत्तर दिलं नाही. आणि वहिनी, मी भूगर्भशास्त्र शिकलेला माणूस, पण त्या शांततेत मला कळलं की पुष्कळ माणसं मिळून गप्प बसली आहेत. रिकाम्या जागेचं गप्प असणं मला ठाऊक आहे. ते तसलं नव्हतं.

मग पावलं जवळ आली. अगदी तोंडापाशी, अंधारात. तो मला दिसत नव्हता. हाक आली, “बाहेर कोणी हाय का?”

मी त्याला पत्रात प्रतिध्वनी म्हणून हसलो होतो. प्रतिध्वनी आधी बोलत नाही. त्या क्षणी मला पक्कं वाटलं की हा वामन नाही, त्याचा आवाज घेऊन दुसराच कोणी मला विचारतोय, आणि मी ‘हाय’ म्हटलं तर माझं नाव त्या हजेरीत लागेल. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. दुसरी हाक आली. तेवढ्याच शांतपणे, विहिरीवर मारतात तशी.

मी कोणत्या दिवशी येणार हे वामनला कळवलेलं नव्हतं. तरी तिसऱ्या वेळी तो म्हणाला, “मंद्या, तू हायस का?”

तो वामनच होता. शाळेपासून त्या नावाने दुसऱ्या कोणी मला हाक मारलेली नाही. मला तेव्हाच कळलं, आणि तरीही मी हात तोंडावरून काढले नाहीत. एक शब्द बोललो असतो तर तो वात न लावता बाहेर आला असता.

बाबांना सांगा, त्याने सहाही हाका मारल्या, एकही चुकवली नाही. गावाला सांगा. माझं नावही सांगा, मी नाही म्हणणार नाही.

तिसऱ्या हाकेनंतर त्याने लगेच वात लावली नाही, वहिनी. तो तिथेच उभा होता, मला त्याचा श्वास ऐकू येत होता. त्याने माझी वाट पाहिली. खूप वेळ पाहिली. मग तो आत वळला.

मंदार